मोकळ्या जागेची साक्ष

ताईला त्या मोकळ्या जागेबद्दल विशेष काही वाटत नसे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्या दिवसांत इमारतीत ज्याला त्याला जागेचा उमाळा आला होता. जिन्यात दोन माणसं भेटली की तिसरं वाक्य ‘आमच्या लहानपणी’ असं सुरू व्हायचं. जी मंडळी वर्षानुवर्षं खिडकीत रिकामे डबे रचून जागेकडे पाठ करून बसली होती, त्यांनी डबे हलवले, काचा पुसल्या आणि बाहेर बघून उसासे टाकायला सुरुवात केली. ताई मात्र सकाळी सातला त्याच जागेतून तिरकी चालत कामावर जायची आणि चारला त्याच वाटेने परत यायची. वाटेत काय आहे, काय नाही, हे तिला विचारलं असतं तर तिला आठवून सांगावं लागलं असतं.

वय अठ्ठावन्न. लग्न केलं नाही. का केलं नाही ते तिलाही नीट सांगता यायचं नाही, राहून गेलं एवढंच. इस्पितळाच्या कपड्यांच्या खोलीत ती बत्तीस वर्षं चादरी घडी करत होती. धुऊन वाळून आलेल्या चादरींचे ढीग, भिंतीला लावलेली लाकडी फडताळं, आणि समोर एक जोडीदारीण. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, ताणायचं, एकमेकींकडे चालत यायचं, कोपरे हातात द्यायचे, पुन्हा मागे. जोडीदारणी बदलत गेल्या, चादरी त्याच राहिल्या. बाप त्याच इस्पितळात गेला, आणि दुसऱ्या दिवशी ताई कामावर होती. त्याच्या खाटेवरची चादर धुऊन आली तेव्हा तिनेच ती घडी केली असणार. कुठली ते काही कळायला मार्ग नव्हता. लोक म्हणाले, बाई घट्ट मनाची आहे. मन घट्ट होतं की नुसतंच बधिर, याची चौकशी कोणी केली नाही, आणि तिनेही केली नाही.

आता जागा. इमारत आणि गोदामाची लांबच लांब भिंत यांच्यामध्ये मातीचा एक पट्टा. रुंदीला बेताचा, लांबीला मात्र ऐसपैस. एका टोकाला जुनी पाण्याची टाकी, दुसऱ्या टोकाला रस्ता. झाड म्हणावं असं एकच, तेही वाकडं. मालकांची तिसरी पिढी हातात कागद घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, इथे गाड्या ठेवायला आठ मजली इमारत बांधणार. ताईच्या खोलीच्या खिडकीपासून ती तीन हातांवर येणार होती.

त्या खिडकीशी ताईची आई असायची. चौऱ्याऐंशीची. गुडघ्यांनी काम सोडल्याला सहा वर्षं झाली होती. पलंग खिडकीला लावला होता, आणि म्हातारीचं सगळं जग त्या चौकटीत आलं होतं. कुठली मांजर कोणत्या भिंतीवरून जाते, कोणाचं पोर आज शाळेत गेलं नाही, गोदामाचा पहारेकरी दिवसातून किती वेळा तंबाखू मळतो, हे सगळं ती ताईला संध्याकाळी साग्रसंगीत सांगायची. कालचं विसरायची, कधी कधी सकाळी कोण येऊन गेलं तेही विसरायची. पण खिडकीतलं जसंच्या तसं. डॉक्टर ताईला म्हणाले होते, “खिडकीवरच चाललंय हो त्यांचं.” तिथे भिंत आली तर आई किती दिवस टिकेल, याचा हिशोब ताईने मनात केला होता. तो फार लांबला नाही.

जागा वाचवायची तर एकच वाट होती, आणि ती मास्तरांनी शोधून काढली होती. मास्तर म्हणजे पहिल्या मजल्यावरचे निवृत्त चित्रकलेचे शिक्षक. पाच-सहा वर्षांचे असताना याच जागेत गुडघे फोडून घेतलेले. नियम असा होता, की एखादी जागा चाळीस वर्षांहून जास्त काळ सगळ्यांना खेळायला-बागडायला मोकळी होती असं ठरलं, तर ती पुढेही मोकळीच ठेवायची. मात्र तसं सांगणारं माणूस तिथेच जन्मलेलं आणि तिथून कधीच न हललेलं हवं. आणि इथे पंचाईत झाली. मास्तर मधली वीस वर्षं नोकरीपायी बाहेरगावी. तळमजल्यावरची शिवणवाली लग्न होऊन गेली होती आणि नवरा गेल्यावर माहेरी परत आली होती. बाकीचे सगळे उपरे. जन्मापासून एक दिवसही न हललेलं माणूस अख्ख्या इमारतीत एकच निघालं.

“तू कुठे गेलीच नाहीस ना गं?” मास्तरांनी तिला जिन्यात गाठून विचारलं.

“कुठे जाणार?” ताई म्हणाली.

मास्तरांना एवढा आनंद झाला, जसं काही ती कुठेच न जाण्याची परीक्षा पहिल्या नंबराने पास झाली होती.

त्या रविवारी मास्तरांनी जुन्या मंडळींना आपल्या खोलीत चहाला बोलावलं. आठवणी गोळा करायच्या होत्या. शिवणवाली आली, आता दुसरीकडे राहणारे दोघं-तिघं आले, आणि पाहता पाहता पन्नाशी-साठीची माणसं आठ-दहा वर्षांची झाली. कोण रडीचा डाव खेळायचं, कोणावर सारखं राज्य यायचं, कोणाला लिंबूटिंबू म्हणून घ्यायचे, सगळं निघालं. शिवणवालीने तर एकदा आठ दिवस राज्य दिलं नव्हतं, त्यावरून मास्तर आत्ता, पन्नास वर्षांनी, तिच्यावर खरोखरचे चिडले.

“आणि दोरवाला!” शिवणवाली टाळी वाजवून म्हणाली. “अगं बाई, तो दोरवाला! उलटा उलटा चालायचा!”

मग हसताना तिला आठवलं की दोरवाल्याची मुलगी समोरच बसली आहे. “तुझे बाबा गं, ताई. रागावू नकोस. पण काय ध्यान दिसायचं!”

ताई रागावली नाही. ते खरंच होतं. तिचा बाप दोर वळायचा. दोर वळायला लांबलचक जागा लागते, आणि ती घरात कुणाच्या असते? म्हणून तो या पट्ट्यात काम करायचा, सकाळी एकदा आणि दुपारी चार ते दिवस मावळेपर्यंत एकदा. विंचरलेला वाख, म्हणजे घायपाताचे धागे, तो कमरेला गुंडाळायचा. टाकीजवळ लाकडी चाक रोवलेलं होतं. चाकाच्या आकड्याला वाखाची शेंडी अडकवायची, चाक फिरायला लागलं की पीळ बसत जायचा, आणि बाप कमरेचा वाख बोटांतून सोडत सोडत मागे मागे जायचा. चाकाकडे तोंड, रस्त्याकडे पाठ. एकशे साठ पावलं.

मास्तर उठून उभे राहिले आणि पोटाशी हात धरून खोलीत उलटे चालून दाखवू लागले. मागच्या मागे खुर्चीवर बसले, तेव्हा हशा उसळला. “चाक आपलं गरगर फिरतंय,” ते म्हणाले, “आणि हा बाबा चाललाय मागे मागे! आम्ही मध्येच सुतावरून उड्या मारायचो. काय ओरडायचा!”

“चाक मी फिरवायचे,” ताई म्हणाली.

हसणं जरा थांबलं.

“तू?” शिवणवालीने तिच्याकडे निरखून पाहिलं. “तू होतीस होय तिथे?”

“रोज.”

“मला वाटतं, त्या चाकाला यंत्र होतं काहीतरी,” मास्तर म्हणाले. “का नव्हतं?”

कोणाला नक्की आठवेना. चाक सगळ्यांना आठवत होतं, त्याचा कुरकुर आवाज आठवत होता, बापाचा फाटका सदरासुद्धा आठवत होता. फिरवणारं कोणी होतं का, यावर दोन मतं पडली. मग कोणीतरी टाकीत पडलेल्या चेंडूची गोष्ट काढली आणि गाडी पुढे गेली. ताईने चहा संपवला. तिला वाईट वाटायला हवं होतं. ते वाटतंय का, म्हणून तिने आत डोकावूनही पाहिलं. काही नव्हतं.

सात वर्षांची असल्यापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंत तिने ते चाक फिरवलं होतं. बाप लांब गेला की ओरडून ऐकू यायचं नाही, म्हणून खूण ठरलेली: सुताला एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे जोरात. बाकी बोलणं नाही. समोर बाप, तोंड तिच्याकडे, आणि पावलागणिक लहान होत जाणारा. शंभर पावलांपुढे त्याचं नाक-डोळे दिसायचे नाहीत, नुसता सदरा. सूत पुरं झालं की तो भराभर परत यायचा, शेंडी अडकवायचा आणि पुन्हा निघायचा. आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला सगळ्या इमारतीची पोरं खेळायची. नजर बापावरून हलवायची नाही असा दंडक होता, तरी कडेकडेने दिसायचं. बारा वर्षं दिसत होतं. एकदाही कोणी तिला खेळायला बोलावलं नाही, तिनेही विचारलं नाही. पुढे कारखान्यातले प्लॅस्टिकचे दोर आले, चाक मोडीत गेलं आणि बाप एका दुकानाचा पहारेकरी झाला.

घरी आल्यावर आईने विचारलं, “काय म्हणाले?”

“मला साक्ष द्यायला जायचंय. जागेसाठी.”

आई खिडकीतून वळली. त्या दिवशी तिचं डोकं लख्ख होतं. “मग बापाचं सांग,” ती म्हणाली. “अठ्ठावीस वर्षं त्या मातीत चालला तो. उलटा. कुठे नाव नाही त्याचं, ना फोटो, ना चिटोरं. सरकारी कागद आहे तर येऊ दे एकदा नाव. सांगशील ना?”

“सांगीन.”

आईने मान हलवली आणि स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं. वाख विंचरायचं काम तिचं. तेव्हा त्यांची खोली मागच्या बाजूला होती, उजेड नसलेली. तिथे बसून ती खिळ्यांच्या फणीतून वाख ओढायची. तळव्यांवरचे ओरखडे अजून दिसत होते. पुढची खोली मिळाली ती बाप गेल्यावर. म्हणजे नवरा मागे मागे चालताना आईने कधी पाहिलाच नव्हता.

चार दिवसांनी मास्तर इस्पितळात हजर. घरी न येता कपड्यांच्या खोलीत आले, तिथेच ताईने ओळखलं की काहीतरी बिनसलंय. तिची जोडीदारीण त्या दिवशी रजेवर होती. ताईने मास्तरांच्या हातात चादरीचे दोन कोपरे दिले.

“मालकांचं उत्तर आलंय,” मास्तर चादर ताणत म्हणाले. “ते म्हणतात, जागा कधी मोकळी नव्हतीच. आमच्या परवानगीने तिथे एक माणूस दोर वळायचा, धंद्याची जागा होती, पोरं घुसायची ती घुसायची. आता त्या परवानगीचा कागद त्यांच्याकडे नाही. साक्षीदारही नाही. पण आपल्यापैकी कोणी दोराचा शब्द काढला...”

“की जागा गेली.”

“गेली.”

दोघं एकमेकांकडे चालत आले. ताईने त्यांच्या हातातून कोपरे घेतले, खाली लोंबणारी घडी त्यांच्या हातात दिली.

“म्हणजे बापाचं नाव काढायचं नाही,” ती म्हणाली.

“बापाचं काढ गं! दोराचं नको.”

“तो दुसरं काही करत नव्हता, मास्तर.”

मास्तर खाली बघू लागले. माणूस वाईट नव्हता. परवाच खोलीभर उलटं चालून दाखवलं होतं, ते बहुधा त्याला आत्ता आठवलं असावं. “आणि तुला विचारतील, काय काय खेळायचात म्हणून,” ते चाचरत म्हणाले.

“मी खेळले नाही.”

“एकदासुद्धा?”

“नाही.”

“मग जमेल का तुला?”

“कोपरे सरळ धरा,” ताई म्हणाली. “घडी तिरकी जातेय.”

पुढचा आठवडा ती वाट पाहत राहिली. आपल्याला आतून काहीतरी कळेल, एक बाजू जड वाटेल, असं तिला वाटलं होतं. एका बाजूला आईची खिडकी, दुसऱ्या बाजूला आईनेच मागितलेली एक ओळ. आईला विचारायची सोय नव्हती. आई म्हणाली असती, भिंत येऊ दे, नाव लाव. आणि मग भिंतीकडे तोंड करून निजली असती. ताई चादरी घडी करत होती, जेवत होती, झोपत होती. आतून काही आलं नाही. एखाद्याला दातांच्या डॉक्टरने बधिर करायची सुई टोचावी आणि तिचा अंमल उतरायचाच राहून जावा, तसं तिचं वर्षानुवर्षं होतं. सुनावणीचा दिवस उजाडला, तेव्हा तिने इस्त्रीचे कपडे घातले आणि आईला दूध दिलं.

“नाव नीट लिहायला सांग,” आई म्हणाली. “घाईत चुकतात लोक.”

सुनावणीची खोली लहान होती. एक मोठं टेबल, वर खडखडणारा पंखा, भिंतीला फायलींची कपाटं. टेबलामागे अधिकारीणबाई, ताईच्या निम्म्या वयाच्या. बाजूला टंकलेखक. एका अंगाला मालकांचे वकील, त्यांच्या हातात पेन्सिल. दुसऱ्या अंगाला मास्तर, शिवणवाली आणि इमारतीतली आणखी पाच-सहा माणसं, लग्नाला आल्यासारखी नटूनथटून.

“तुम्ही जन्मापासून तिथेच राहता?” अधिकारीणबाईंनी विचारलं.

“हो.”

“लहानपणी ती जागा कशी होती? सावकाश सांगा.”

ताईने तोंड उघडलं आणि ती सांगू लागली. ती काय सांगणार, याची मास्तरांनाच धास्ती होती. पण असं काही होईल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. वाकडं झाड म्हणजे भोज्या, ती म्हणाली. भोज्याला हात लावून तीन उड्या मारल्याशिवाय डाव मोडत नसे. लपाछपीला टाकीमागची जागा सगळ्यात चांगली, पण तिथे एकच मूल मावायचं, म्हणून आधी पळेल त्याची. लंगडीची रेघ कोळशाने नाही, ओल्या काठीने ओढायची, कारण कोळसा मातीवर उठत नाही. पकडापकडीत दमलं की मूठ वर करायची आणि वीस आकडे होईपर्यंत कोणी शिवायचं नाही. पहिल्या मजल्यावरचा मुलगा आकडे भरभर म्हणायचा, म्हणून पुढे मोजायचं काम त्याच्याकडून काढून घेतलं. मास्तरांचे कान लाल झाले. आपण काही विसरलो नाही असं प्रत्येकाला वाटत होतं, पण खरं तर हे सगळं प्रत्येक जण विसरला होता. खेळणाऱ्याला आपलाच डाव आठवतो. तिने सगळ्यांचे डाव पाहिले होते.

टंकलेखक टकटक करत होता. अधिकारीणबाईंच्या चेहऱ्यावर हसू होतं. ताईच्या आवाजात चढ नाही, उतार नाही. चादरी किती धुऊन आल्या ते सांगावं तसं ती सांगत होती.

“आणि पकडापकडीला हद्द असायची,” ती म्हणाली. “दोरापलीकडे गेलं की बाद.”

वकिलांची पेन्सिल थांबली.

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. शिवणवालीने स्वतःच्याच मांडीवर चापट मारली. बोलणं इतकं नीट चाललं होतं, की शब्द कधी निसटला ते ताईलाही कळलं नाही. खेळाचा नियमच तसा होता. बापाने सूत ताणलं की जागेचे दोन भाग पडायचे, आणि पोरं त्यालाच हद्द मानायची.

“दोर?” वकील उठून उभे राहिले. आवाज मऊ होता. “कसला दोर, ताई?”

पंखा खडखडत होता. ताईला सरळ समोर, अधिकारीणबाईंच्या मागे, एक लांब पट्टा दिसला आणि त्याच्या टोकाला सदरा. नाक-डोळे दिसत नव्हते. तिला वाटलं, आता सुताला हिसका बसेल, एक किंवा दोन, आणि काय करायचं ते कळेल. तिने क्षणभर वाटसुद्धा पाहिली.

“कपडे वाळत घालायचा,” ती म्हणाली.

“कोणाचा?”

“सगळ्यांचा. ज्याला लागेल तो घालायचा.”

“तिथे कोणी दोर वळायचं काम करायचं का? आठवून सांगा. एखादा दोरवाला?”

“नाही.”

“चाक वगैरे?”

“नाही.”

“तुमचे वडील काय करायचे?”

ताईने वकिलांकडे पाहिलं. “दुकानावर पहारेकरी होते,” ती म्हणाली. हे खोटं नव्हतं. शेवटची काही वर्षं तो खरंच पहारेकरी होता.

टंकलेखकाने ते लिहिलं. अधिकारीणबाईंनी वडिलांचं नाव विचारलं, तेही लिहिलं. नाव बरोबर लागलं, पुढे स्वल्पविराम, पहारेकरी. कागद तिच्यापुढे आला तेव्हा तिने तो सगळा वाचला आणि खाली सही केली. हात थोडा गार पडला होता, इतकंच.

अर्ध्या तासाने अधिकारीणबाईंनी सांगितलं की जागा मोकळी राहील, लेखी आदेश यथावकाश मिळेल. बाहेर पडवीत एकच गलका झाला. मास्तरांनी ताईचे दोन्ही हात धरले आणि सोडले. शिवणवालीने तिला घट्ट मिठी मारली.

“काय सांगितलंस गं! सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं,” ती डोळे पुसत म्हणाली. “आणि मला आठवलं बरं का. टाकीमागे तूच लपायचीस! लाल फ्रॉक होता तुझा. मी शंभर वेळा शोधलंय तुला तिथे.”

ताईकडे लाल फ्रॉक कधीच नव्हता. “असेल,” ती म्हणाली.

त्या दिवशी तिला दुपारची पाळी करायची होती. बाकी मंडळी घरी गेली, ती इस्पितळात गेली. जोडीदारणीने विचारलं काय झालं, ती म्हणाली झालं चांगलं. सगळी दुपार चादरींत गेली. फक्त घरी जाऊन आईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. खोटं सांगायचं नाही असं तिने ठरवलं. आई, दोराचं नाही सांगितलं, खिडकीसाठी केलं. असं सरळ सांगायचं. आई रागावेल, बोलणार नाही दोन दिवस, मग विसरेल.

ती घरी पोचली तेव्हा अजून उजेड होता. आई उशीला टेकून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर ताईने पुष्कळ वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं.

“शिवणवाली येऊन गेली,” आई म्हणाली. “सगळं सांगितलं तिने. तू किती खेळायचीस ते.”

ताई चपला काढता काढता थांबली.

“खरंच खेळायचीस का गं?” आईने विचारलं. “इकडे ये. बस. मला वाटायचं, आम्ही तुला खेळूच दिलं नाही. चाकाला जुंपलं पोरीला, असं वाटायचं. मी तिकडे मागच्या खोलीत, बाहेर काय चाललंय मला दिसायचं नाही. पोरांचा आरडाओरडा ऐकू यायचा आणि माझा फणीवरचा हात थांबायचा. त्यांना म्हणायचे, सोडा हो तिला अर्धा तास. पण तुझ्याशी कधी बोलले नाही. काय तोंडाने बोलणार?” तिने ताईचा हात आपल्या ओरखडलेल्या हातात घेतला. “आज ऐकलं आणि बरं वाटलं बघ. खेळायचीस ना?”

सगळं सरळ सांगायचं म्हणून ताई जिना चढून आली होती. ती पलंगाच्या कडेवर बसली.

“खेळायचे की,” ती म्हणाली.

“लपाछपी?”

“लपाछपी. पकडापकडी. लंगडी.”

आई हसली. दात नसलेलं, तोंडभर. मग तिच्या कपाळावर आठी पडली, एखादा हिशोब जुळत नसावा तशी.

“मग चाक कोण फिरवायचं?”

खाली जागेत कोणाची तरी पोरं ओरडत होती. ताईने बाहेर पाहिलं.

“होती एक मुलगी,” ती म्हणाली.

“कोणाची?”

“इथलीच.”

“मला नाही आठवत.” आईने डोळे बारीक केले. “आणि तुम्ही सगळे खेळायचात तेव्हा ती?”

“चाकावर.”

“रोज?”

“रोज.”

“अगं आई गं,” म्हातारी कळवळून म्हणाली. “एवढीशी पोर. आणि तुम्ही तिला कधी खेळायला बोलावलं नाहीत?”

“नाही बोलावलं.”

“असं कसं गं? बोलवायचं होतंस तू तरी.”

“बोलवायला हवं होतं,” ताई म्हणाली, आणि तिला रडू आलं.